फोटोतला बाप

"हसा काका. पण मेल्यासारखं हसा."

छोट्या व्हिडिओ कॅमेऱ्यामागून ऑडिशन घेणाऱ्या केतकीनं असं सांगितलं तेव्हा मी आधी वळून मागं बघितलं. वाटलं, माझ्यामागं आणखी कोणी उभं असेल. मागं फक्त निळा पडदा होता.

"मेल्यासारखं म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही वारलेले आहात. भिंतीवर तुमचा फोटो आहे, फोटोला हार आहे. तर तसं हसा. प्रसन्न, पण थोडं लांबचं. आणि कॅमेऱ्यात नका बघू. जरा वर बघा, त्या ट्यूबलाइटकडे."

"अगं बाळ, फोनवर तू म्हणालीस बापाचं काम आहे. सगळी जाहिरात त्याच्यावरच आहे."

"त्याच्यावरच आहे ना," केतकी म्हणाली. नाशिकची पोर, चोवीस-पंचवीस वर्षांची, खोटं बोलणारी नव्हती. "विम्याची जाहिरात आहे काका. बाबा गेले, म्हणून तर जाहिरात आहे."

मी छातीशी पाटी धरून उभा होतो. रघुवीर साळोखे, वय ४६, उंची ५ फूट ७ इंच. दोन दिवस मी या बापाचा विचार केला होता. तो कसा चालत असेल, चपला दारात कशा काढत असेल, मुलीवर चिडला तर आवाज चढवत असेल की उतरवत असेल. घरून चष्मा, खिशाला लावायचं पेन आणि एक जुनी छत्रीसुद्धा आणली होती.

"मग संवाद?"

"फोटोला काय संवाद असणार?"

अंधेरीच्या आरामनगरातल्या त्या बैठ्या बंगल्याच्या अंगणात माझ्यासारखे आणखी दहा-बारा बाप बसले होते. माझ्या आधी आत गेलेला एक जण "मी काय इथं मरायला आलोय काय?" असं म्हणत तावातावानं फाटकाबाहेर गेला होता, त्याचा अर्थ मला आत्ता कळला. मलाही निघून जाता आलं असतं. पण मी तसा निघून जाणाऱ्यातला नव्हतो. आलोय तर काम दाखवून जायचं, हा माझा नेम. मी ट्यूबलाइटकडं बघितलं आणि हसलो. केतकीनं अर्धा मिनिट चित्रण केलं, "छान" म्हणाली आणि पुढच्या बापाला हाक मारली.

या गोष्टीला आता वीस वर्षं होऊन गेली.

मी कोल्हापूरचा. दूध संघात अठरा वर्षं कारकून होतो आणि संध्याकाळी नाटक करायचो. स्पर्धेत बक्षिसं मिळाली, पेपरात नाव आलं, आणि चाळिसाव्या वर्षी नोकरीचा राजीनामा देऊन मी बायको-मुलीला घेऊन मुंबईला आलो. थोरला भाऊ म्हणाला, "चाळिशीत लोक चष्मा लावतात, तू डोळं मिटून घेतलंस." त्याचं सगळंच चुकीचं होतं असं नाही. सहा वर्षांत मी सत्तरच्या वर ऑडिशन दिल्या. हाती काय लागलं? बामच्या जाहिरातीत बसमधला पाठदुखीचा सहावा प्रवासी. चहाच्या जाहिरातीत माझा उजवा हात. आणि एका रंगाच्या जाहिरातीत माझी पाठ, तीही धावती. तरी दर सोमवारी मी दाढी करून बाहेर पडायचो. नकार आला की त्या दिवशी संध्याकाळी काय चुकलं ते वहीत लिहून काढायचो आणि दुसऱ्या दिवशी परत कुठंतरी रांगेत उभा.

कळव्याला आमच्या दोन खोल्या होत्या. बायको, विजयमाला, जवळच्या बालवाडीत शिकवायची. ती अस्सल कोल्हापूरची, म्हणजे 'मी येतो, मी जातो' असं बोलणारी. तिकडच्या बायका असंच बोलतात. मुंबईत येऊन सहा वर्षं झाली तरी तिची भाषा हटली नाही, आणि बालवाडीतली निम्मी पोरं तिच्यासारखी बोलायला लागली होती.

दोन दिवसांनी संध्याकाळी फोन वाजला. आमच्या घरी फोन होता. नटाच्या घरात तवा नसला तरी चालतो, फोन लागतो. केतकी होती. "काका, तिघांना निवडलंय, त्यात तुम्ही आहात. परवा अकरा वाजता या. दिग्दर्शक येणार आहेत, ते एकाला ठरवतील."

फोन ठेवला तेव्हा विजयमाला कणीक मळत होती. माझा चेहरा बघूनच तिला कळलं.

"लागलं वाटतं काहीतरी?"

"तिघांत आलोय. विम्याची जाहिरात. देशभर लागणार."

"कसलं काम आहे?"

"बापाचं."

"बापाचं!" तिच्या तोंडावर हसू पसरलं. "मग तर तुमचंच. काय काय करायचंय?"

"करायचं काय... म्हणजे तो गेलेला असतो."

"कुठं?"

मी बोट वर केलं.

ती मळता मळता थांबली. "म्हणजे?"

"फोटो आहे नुसता. मुलगी डॉक्टर होते, आणि येऊन फोटोसमोर उभी राहते."

"हार घालून फोटो?"

"हं."

हाताला कणीक तशीच असताना ती उठून दारापर्यंत गेली आणि परत आली. आवाज चढवला नाही तिनं. तो तिचा स्वभावच नाही.

"सहा वर्षांत मी तुम्हाला कधी नको म्हटलो का?"

"नाही."

"नोकरी सोडली तेव्हा नाही म्हटलो. गाव सोडलं तेव्हा नाही म्हटलो. आता म्हणतो. हे नको."

"अगं, नाटकात मी तीनदा मेलोय. तू पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्यास."

"नाटकात तुम्ही मेला की पडदा पडतो आणि तुम्ही उठून घरी येता. हे रोज लागणार. दिवसातनं वीसदा लागणार. आणि तिकडं आई बघणार बसून. जाहिरात लागली की घरातली सगळी पाणी प्यायला उठतात, आणि आई तेवढ्या सरसावून बसतात, माझा रघू दिसतो का म्हणून. चहाच्या जाहिरातीत नुसता कोपर दिसला तर त्यांनी अख्ख्या गल्लीला सांगितलं. शहात्तर वर्षांची बाई. आता त्यांना काय दिसणार? हार?"

खरं सांगायचं तर हा विचार मी त्या ट्यूबलाइटखाली उभा असतानाच केला होता आणि मुद्दाम बाजूला सारला होता.

आमची ऋतुजा, तेव्हा आठवीत, कोपऱ्यात अभ्यास करत होती. ती पुस्तकातून डोकं वर न काढता म्हणाली, "मला चालेल. शाळेत कुणी काही बोललं तर मी बघून घेईन."

"तू गप बस," विजयमाला म्हणाली. मग माझ्याकडं वळली. "आईंना विचारा. आत्ता विचारा. त्या हो म्हणाल्या तर मी एक शब्द काढत नाही."

आई हो म्हणणार नाही याची विजयमालाला खात्री होती. मलाही होती.

मी कोल्हापूरला फोन लावला. वहिनीनं उचलला आणि आईला हाक मारली. आई फोनवर नेहमी अशी बोलायची की तार नसती तरी कळव्यात ऐकू आलं असतं. विजयमाला शेजारी उभी राहून सगळं ऐकत होती.

"कोण, रघू? जेवलास काय?"

"अजून नाही. आई, एक काम आलंय. अजून ठरलं नाही, पण ठरेल असं वाटतंय."

"मोठं हाय?"

"देशभर दिसणार."

"मग तोंड का पाडून बोलतोस?"

मी एका दमात सगळं सांगितलं. विमा, मुलगी, फोटो, हार. पलीकडून मला वहिनीच्या कुकरची शिट्टी ऐकू आली.

"हार कसला?" आईनं विचारलं.

"कसला म्हणजे?"

"झेंडूचा का शेवंतीचा?"

"नाही गं, चंदनाचा असेल. तो कचकड्यासारखा असतो तो."

"त्यो बरा. धूळ झाडली की झालं."

"आई, तुला वाईट वाटेल."

"वाटंल की. आई हाय मी. आबांचा फोटो हाय नव्हं आपल्या भिंतीवर?"

"आहे की."

आबा म्हणजे माझे वडील. उद्यमनगरातल्या एका फाउंड्रीत फिटर होते, जाऊन तेव्हा सतरा वर्षं झाली होती. जिवंतपणी त्यांनी कधी फोटो काढून घेतला नाही. गेल्यावर शोधाशोध केली तेव्हा एकच सापडला. खंडेनवमीला कारखान्यात यंत्रांची पूजा झाल्यावर सगळ्या कामगारांचा काढलेला. त्यातून आबांचा तेवढा चेहरा कापून, मोठा करून आम्ही भिंतीवर लावला होता.

"तुला ठाऊक हाय त्या फोटोत त्यो कुठं बघतोय?" आई म्हणाली.

"बाजूला बघतायत."

"बाजूला काय हाय ते ठाऊक हाय? मला त्यांच्या कारखान्यातल्या पवारानं सांगितलं. फोटोवाल्यानं बटण दाबलं, आणि त्याच टायमाला कुणीतरी पेढ्याचं ताट आणलं. सतरा वर्षं मी रोज सकाळी हार घालतो त्याला. तुझ्या बहिणीचं लग्न ठरलं, सांगितलं. नातू झाला, सांगितलं. तू नोकरी सोडलीस, रडून सांगितलं. आणि त्यो बघतोय पेढ्याच्या ताटाकडं. एकदा म्हणून माझ्याकडं बघंना."

मला आधी हसू आलं. विजयमालालाही आलं, तिनं पदर तोंडाशी नेला. मग दोघांचंही हसू कुठल्या कुठं गेलं.

"ते लोक मला वर बघायला सांगतात आई. ट्यूबलाइटकडं."

"त्यास्नी काय कळतंय? त्यांच्या घरात कोण मेलंय काय?" आईनं आवाज आणखी चढवला. "ऐक. फोटो व्हायचं तर नीट हो. जी पोरगी येऊन उभी राहील, तिच्याकडं बघ. जेव आता." आणि फोन ठेवून दिला.

विजयमाला परत कणकेकडं गेली. ताट वाढताना म्हणाली, "परवा पांढरा शर्ट नका घालू. चेहरा उतरल्यासारखा दिसतो. निळ्या रेघांचा घाला."

दुसरा दिवस मी सगळा सरावात घालवला. ऋतुजा शाळेतून आली तसं तिला खाटेवर बसवलं, समोर स्टुलावर मी बसलो, आणि पापणी न हलवता तिच्याकडं बघत राहिलो.

"बाबा, भीती वाटतेय."

"मग चुकतंय. परत."

"आता तुम्ही माझ्यावर रागावलाय असं वाटतंय."

"परत."

पाच वाजले, सहा वाजले. चेहऱ्यावर काहीही न करता बघायचं, पण बघायचं मात्र खरं, हे वाटतं त्याहून फार कठीण आहे. आयुष्यभर मी चेहऱ्यानं, हातानं, आवाजानं काम केलं होतं. ते सगळं एकेक करून काढून ठेवायचं होतं. सातच्या सुमाराला ऋतुजा खाटेवर ताठ बसली. मग म्हणाली, "आता बरोबर आहे. आता असं वाटतंय की मी काही बोलले तर तुम्ही ऐकताय."

"हे ध्यानात ठेव," मी म्हणालो, "म्हणजे माझ्याही राहील."

ठरल्या दिवशी अकराला मी आरामनगरात होतो. तिघांपैकी एक आलाच नाही. त्याच्या बायकोनं साफ नकार दिला होता, असं केतकीनं सांगितलं. दुसरे होते कर्णिक. उंच, गोरे, चांदीसारखे केस, विमान कंपनीतून निवृत्त झालेले. ते आत आले तशी जाहिरात कंपनीची माणसं एकमेकांकडं बघून मान हलवायला लागली. भिंतीवर लावावा असाच माणूस होता तो. मला बघून भिंतीला छत्री टेकवल्यासारखं वाटत असणार.

जाहिरातींसाठी नट निवडून देणाऱ्या त्या ऑफिसच्या मालकीण मिसेस बलसारा, साठीच्या पारशी बाई, गळ्यात चष्म्याची साखळी, कोपऱ्यातल्या वेताच्या खुर्चीत बसून असायच्या. दिग्दर्शकाचं नाव बात्रा. तिशीचा, घाईत असलेला. तो हिंदीत बोलत होता, मी मराठीत सांगतो.

"आधी मुली बघू," तो म्हणाला. "फोटो काय, नंतर काढता येईल."

डॉक्टर मुलीच्या कामासाठी चौघींना बोलावलं होतं. जाहिरात बऱ्याच भाषांत होणार होती, आणि मराठीतली ओळ अशी होती: "बाबा, डॉक्टर झाले मी. बघताय ना?" फोटोच्या जागी म्हणून भिंतीवर असलेलं एक सिमेंट कंपनीचं कॅलेंडर दाखवलं. त्यावर धरणाचं चित्र होतं. एकेक मुलगी यायची, धरणासमोर उभी राहायची आणि डोळ्यांत पाणी आणून धरणाला बाबा म्हणायची. पहिलीनं हुंदका दिला. दुसरीनं त्याहून मोठा. तिसरीनं हात जोडले. चौथी वर्ध्याची अक्षता भोयर म्हणून होती. बारकी, जाड भिंगाचा चष्मा. तिला काही जमलंच नाही. ती धरणाकडं बघून पाठ म्हटल्यासारखं ओळ म्हणाली आणि गप्प उभी राहिली. बात्रानं कागदावरचं तिचं नाव खोडायला पेन टेकवलं.

मी उठलो.

"साहेब, मी उभा राहतो तिथं."

"कुठं?"

"कॅलेंडरच्या जागी."

"गरज नाही. तुमचा फोटो आपण नंतर काढणार आहोत."

"नंतर काढा. पण ज्याचा फोटो आहे तो माणूस इथं बसलाय, आणि या पोरी धरणाशी बोलतायत."

जाहिरात कंपनीचं कोणीतरी खुसखुसलं. बात्राच्या कपाळाला आठी पडली. तेवढ्यात कोपऱ्यातून मिसेस बलसारा बोलल्या. त्यांचं मराठी त्यांचंच होतं, आणि सगळेच त्यांना 'डिकरा', म्हणजे बाळ. "करू दे नी त्याला डिकरा. तुझा काय जातो?" मग कर्णिकांकडं वळून म्हणाल्या, "तू पण उभा राहणार काय?"

"माझी कंबर धरते बाई," कर्णिक हसून म्हणाले. "आणि फोटोसाठी इतकं कोण करतं?" पण माणूस चांगला होता. मी पुढं निघालो तेव्हा त्यांनी खिशातला कंगवा काढून मला दिला. "मागचे केस उभे आहेत तुमचे. नीट करा."

सामानाच्या खोलीतून एक काच नसलेली लाकडी चौकट मिळाली आणि चंदनाचा हारही. मी भिंतीला पाठ लावून स्टुलावर चढलो, दोन्ही हातांनी चौकट चेहऱ्याभोवती धरली, केतकीनं वरून हार अडकवला. पहिली मुलगी आली, मला बघितलं आणि तिला हसू फुटलं. मग सगळेच हसले. बात्राही हसला. चौकटीत डोकं घालून उभा राहिलेला मिशीवाला माणूस, हसण्यासारखंच होतं ते. मी हललो नाही. हसून हसून ते थांबले तरी मी हललो नाही. मग खोलीत जरा अवघडल्यासारखं झालं आणि मुलीनं ओळ म्हटली. हुंदका दिला, पण मगाचपेक्षा लहान. दुसरीनं माझ्या कपाळाकडं बघून ओळ म्हटली. तिसरीला जोडलेले हात कुठं ठेवावेत ते कळेना.

अक्षता आली. चष्मा नाकावर सारला आणि वर बघितलं.

मी तिच्याकडं बघितलं. आदल्या दिवशी ऋतुजाकडं बघत होतो तसंच. काही सांगायचं नाही, काही मागायचं नाही. फक्त ही पोरगी इतक्या लांबून आलीय, हिला काहीतरी सांगायचंय, ते पुरतं ऐकून घ्यायचं. ती ओळ विसरली असं मला वाटलं. चार-पाच सेकंद ती नुसती उभी होती. मग हळूच, कानात सांगावं तसं म्हणाली, "बाबा, डॉक्टर झाले मी." आणि मग तिनं विचारलं, "बघताय ना?"

बाकीच्या तिघींनी ते म्हटलं होतं. हिनं विचारलं. आणि विचारून ती उत्तरासाठी थांबली.

इतका वेळ पापणी न लवल्यामुळं असेल किंवा आणखी कशामुळं, माझ्या डाव्या डोळ्यातून पाणी आलं आणि मिशीपर्यंत उतरलं.

"थांबा!" बात्रा ओरडला. "अरे, फोटो रडतोय! काका, तुम्ही मेलेले आहात. आणि तिच्याकडं कशाला बघता? गेलेला माणूस लांब बघतो. वर. शांत."

मी चौकट खाली केली.

"साहेब, आमच्या घरी असा एक फोटो आहे. माझ्या वडिलांचा. तो लांब बघतो. माझी आई सतरा वर्षं रोज त्याच्याशी बोलते, आणि तो तिच्याकडं बघत नाही याचं तिला अजून दुःख आहे. तुमची जाहिरात ज्या घरांत लागणार, त्यातल्या निम्म्या घरांत असे फोटो आहेत. तुम्ही दिग्दर्शक आहात, शेवटी तुम्ही म्हणाल तसं. पण एकदा माझं बघा. परत घ्या. पाणी येणार नाही."

बात्रानं जाहिरात कंपनीच्या माणसांकडं बघितलं, मग मिसेस बलसारांकडं. त्या चष्मा पुसत होत्या.

"परत," तो म्हणाला.

त्यानंतर सात वेळा घेतलं. कधी उजेड बदलला, कधी अक्षताला चष्मा काढायला लावला आणि परत घालायला लावला. तिसऱ्या खेपेनंतर माझे खांदे भरून आले. पाचव्या खेपेला केतकीनं विचारलं, "काका, चौकट मी धरू का?" मी नको म्हणालो. बोललो नाही, नुसतं डोळ्यांनीच सांगितलं, आणि ती हसली. सातव्या खेपेलाही अक्षता प्रत्येक वेळेसारखी थांबली, आणि मी प्रत्येक वेळी तिच्याकडं बघितलं. एक थेंब येऊ दिला नाही.

"बस," मिसेस बलसारा म्हणाल्या. "मुलगी मिळाली."

माझ्याबद्दल कोणी काही बोललं नाही. मग कर्णिकांचे आणि माझे फोटो काढले. कर्णिकांनी वर, लांब बघितलं. माझ्या वेळी फोटोवाला म्हणाला, "जरा त्या कोपऱ्यात बघा." मी म्हणालो, "नाही. मी इथंच बघणार," आणि भिंगात बघितलं. त्यानं बात्राकडं पाहिलं. बात्रानं हातानं खूण केली, काढ.

घरी जाताना मला काही खात्री नव्हती. वहीत लिहायला बसलो तर काय चुकलं ते काही सुचेना. तेवढं एक पान कोरं राहिलं.

तिसऱ्या दिवशी केतकीचा फोन. "काका, तुम्ही!"

"फोटोसाठी?"

"फोटोसाठी. आणि शूटिंगच्या दिवशीही या. सर म्हणतात, अक्षताच्या जवळच्या शॉटला कॅमेऱ्याशेजारी तुम्हीच उभे पाहिजेत. तुम्ही दिसणार नाही म्हणा."

"येतो," मी म्हणालो.

तिथून माझं एक वेगळंच काम सुरू झालं. मिसेस बलसारांनी पुढच्या ऑडिशनांना मला बोलवायला सुरुवात केली, समोर उभं राहायला. नवी पोरं-पोरी यायची, कोणाला नवऱ्याशी बोलायचं असायचं, कोणाला दुकानदाराशी, कोणाला देवाशी. त्यांच्यासमोर मी. बाई होत्या तोवर, म्हणजे अकरा वर्षं, मी त्यांच्याकडं ते केलं, आणि आज शिकवतो तेही तेच. माझ्या स्वतःच्या ऑडिशन मात्र मी सोडल्या नाहीत. कधी मिळायचं, बरेचदा नाही मिळायचं.

विम्याची ती जाहिरात एका गुरुवारी संध्याकाळी पहिल्यांदा लागली. मी आणि विजयमाला शेजारी शेजारी बसलो होतो. माझा फोटो तीन सेकंद होता. विजयमालानं त्या तीन सेकंदांत माझा हात धरला आणि जाहिरात संपून पावडरची सुरू झाली तरी सोडला नाही.

शुक्रवारी सकाळी कोल्हापुरात घोळ झाला. वहिनीनं तो मला फोनवर साग्रसंगीत सांगितला. दूध संघातला माझा जुना सोबती बाळू चौगुले रात्री टीव्ही बघत होता. हार घातलेला माझा फोटो बघून त्यानं ताटावरून हात काढला. सकाळी सातला तो आणखी दोघांना घेऊन आमच्या दारात. टोप्या हातात, माना खाली. आई पूजा करत होती. बाळू म्हणाला, "मावशी, लई वाईट झालं. आम्हाला कळवायचं तरी."

आई म्हणे हातात फुलं घेऊन तशीच बाहेर आली. "कोण गेलं?"

"रघू..."

"रघू मेला न्हाई," आईनं सांगितलं. "त्याला काम लागलंय. बसा, च्या घेऊन जावा."

हसू आवरत वहिनीनं फोन आईकडं दिला.

"आई, बघितलंस का?"

"बघितला."

"मग?"

"बघतोस की," ती म्हणाली. "काल दोनदा लागली. मी उठून या कोपऱ्यातनं त्या कोपऱ्यात गेलो, तरी बघतोस."

मग तिनंच विचारलं, "आता पुढचं कधी?"

"सोमवारी आहे एक. शेतातल्या पंपाची जाहिरात. मिळंलच असं नाही."

"त्यात जित्ता हायेस नव्हं?"

"आहे."

"बोलायचं हाय?"

"दोन वाक्यं आहेत."

"मग मोठ्यानं बोल," आई म्हणाली. "तुझी वहिनी टीव्हीचा आवाज लई बारका ठेवती."